नव्या हार्ड डिस्कची विभागणी : परत मिळणारे आणि न मिळणारे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. नवी वही मिळाली की तिच्यावर पहिला शब्द लिहिण्याआधी ते आम्हांला पट्टीने समास आखायला लावीत. एकाही पानावर समास नसला तर वही तपासल्याविना परत येई. आम्हां मुलांना तो जाच वाटे. त्या समासाच्या जागेत पुढे दुरुस्त्या लिहिल्या जातात आणि ती जागा आधी राखली नाही तर नंतर कोठेही मिळत नाही, हे कळायला बराच काळ जावा लागला. आज मला संगणकाच्या नव्या डिस्कवर आखावयाच्या अशाच एका रेघेविषयी बोलावयाचे आहे.

स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय काहीसा रूक्ष वाटेल. तो निवडण्याचे कारण माझ्या हातून घडलेल्या एका चुकीत आहे आणि ती चूक सरांशीच संबंधित आहे. २०१४ साली मी सरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. आठ बैठका झाल्या. बडोद्यातील जुने वाडे, त्यांचे स्वतःचे शिक्षक, मराठी शाळांतील पूर्वीचे वातावरण असे पुष्कळ काही ते बोलले. ते सर्व मी माझ्या संगणकाच्या पडद्यावरच, म्हणजे डेस्कटॉपवर, एका फोल्डरमध्ये ठेवले होते. दोन वर्षांनी तो संगणक सुरू होईना. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी दूरध्वनीवरून विचारले, “फॉरमॅट मारू का? आत काही महत्त्वाचे आहे?” मी कामाच्या गडबडीत होतो. “काही नाही, मारा,” असे म्हणून मोकळा झालो. चार दिवसांनी आठवण झाली, तेव्हा त्या जागेवर नवी प्रणाली लिहिली जाऊन गेली होती. पुढील वर्षी सर गेले. त्या गृहस्थांचा यात काही दोष नाही. त्यांनी विचारले होते. उत्तर देणारा मी होतो.

त्या संगणकात ५०० गिगाबाइटांची एक डिस्क होती आणि तिच्यावर एकच विभाग होता. संगणक चालवणारी प्रणाली, जी कोणत्याही दिवशी नव्याने बसवता येते, आणि सरांचा आवाज, जो पुन्हा मिळणे शक्य नव्हते, ही दोन्ही एकाच खोलीत राहत होती. खोली धुवायची वेळ आली तेव्हा दोन्ही धुऊन निघाली. आजच्या व्याख्यानाचे सारे सार या एका गोष्टीत आहे. पुढे मी सांगणार आहे तो या गोष्टीचा तपशील.

डिस्क आणि तिच्यावरील जागा

चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र आयबीएम या कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत महत्त्वाचे वर्ष १९८३ हे होय. त्या वर्षी आयबीएमचा ‘पीसी एक्सटी’ हा संगणक १० मेगाबाइटांच्या हार्ड डिस्कसह आला आणि त्याच्यासोबत डॉस प्रणालीची दुसरी आवृत्ती आली. या आवृत्तीने दोन नव्या गोष्टी आणल्या. डिस्कचे विभाग पाडणारा ‘एफडिस्क’ हा आज्ञाक्रम ही पहिली, आणि फोल्डरच्या पोटात फोल्डर ठेवण्याची सोय ही दुसरी. त्यापूर्वी डॉसमध्ये सर्व फाइलींची एकच सरळ यादी असे. लवचीक फ्लॉपीवर मावणाऱ्या थोड्याशा फाइलींना ती पुरत होती. जागा वाढली तशी मांडणीची गरज निर्माण झाली. विभाग आणि फोल्डर या एकाच गरजेच्या दोन बाजू असून त्या एकाच वेळी जन्मल्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या संगणकातील मुख्य डिस्कला ‘सी’ हे अक्षर का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीच्या दोन खाचांसाठी राखलेली होती. फ्लॉप्या गेल्या, अक्षरे रिकामी राहिली आणि ‘सी’ आपल्या जागी कायम राहिला.

आज डिस्क दोन प्रकारच्या मिळतात. पहिल्या प्रकारात फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांवरून सरकणारे वाचक-शीर्ष असते. दुसऱ्या प्रकारात फिरणारे काहीच नसते. माहिती अर्धवाहकाच्या सूक्ष्म कोशांत साठवली जाते. या दुसऱ्या प्रकाराला एसएसडी म्हणतात. दोन्ही प्रकारांत संगणकाला दिसते ते एकच : क्रमांक दिलेल्या छोट्या छोट्या कप्प्यांची एक लांबलचक रांग. या कप्प्याला सेक्टर म्हणतात आणि परंपरेने त्यात ५१२ बाइट मावतात.

नव्या डिस्कवर १ टेराबाइट असे छापलेले असते आणि विंडोज मात्र ९३१ गिगाबाइट दाखवते. विक्रेत्याने फसवले अशी तक्रार यावरून पुष्कळांनी केली असेल. यात फसवणूक नाही. उत्पादक एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट असे दशमान पद्धतीने मोजतो. विंडोज त्याच संख्येला १०२४ ने तीनदा भागते आणि उत्तर ९३१ येते. कापड तेवढेच आहे, गज वेगळे आहेत. विभागांचे आकार ठरवताना मात्र विंडोजचा गज धरावा, म्हणजे हिशेब चुकत नाही.

विभागांचा तक्ता

कोऱ्या डिस्कला प्रथम हवा असतो तो जमिनीच्या मोजणीसारखा एक तक्ता. कोणता विभाग कितव्या सेक्टरपासून सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते. शेताचा नकाशा जसा शेतात काय पिकते ते सांगत नाही, तसा हा तक्ताही विभागात काय आहे ते सांगत नाही. ते काम पुढच्या टप्प्याचे आहे.

हा तक्ता लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत एमबीआर या नावाने ओळखली जाते. तिच्यात सारा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो. त्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या सूचनांना दिलेले आहेत आणि ६४ बाइट तक्त्याला. प्रत्येक नोंदीस १६ बाइट लागतात, म्हणून मुख्य विभाग चारच होऊ शकतात. शिवाय सेक्टरचा क्रमांक लिहिण्यास ३२ अंशच दिलेले असल्यामुळे सुमारे ४२९ कोटी सेक्टरांपलीकडे मोजणी जात नाही. त्याला ५१२ ने गुणले की सुमारे २.२ टेराबाइट ही मर्यादा येते. १० मेगाबाइटांच्या काळात ती अमर्याद वाटली असणार.

नव्या पद्धतीला जीपीटी म्हणतात. तिच्यात विंडोज १२८ विभागांची सोय ठेवते आणि आपल्याला भेटू शकेल अशी आकाराची कोणतीही मर्यादा तिला नाही. तिचा मोठा गुण असा की तक्त्याची दुसरी प्रत ती डिस्कच्या शेवटी ठेवते आणि तक्ता बिघडला आहे काय हे ताडून पाहण्याचा आकडाही त्यासोबत लिहिते. जुन्या पद्धतीत पहिला सेक्टर खराब झाला की डिस्क कोरी भासे. आज नवी डिस्क बसवताना संगणकाने विचारले तर जीपीटीच निवडावी. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची अधिकृत अपेक्षाही तीच आहे.

तक्ता झाला की प्रत्येक विभागावर फाइलव्यवस्था उभारावी लागते. हेच ते ‘फॉरमॅट’ करणे. ग्रंथालयाची उपमा घेतली तर तक्त्याने खोल्या पाडल्या आणि फॉरमॅटने प्रत्येक खोलीत कपाटे लावून कोरी नोंदवही ठेवली. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. झटपट फॉरमॅटने जुनी पुस्तके जळत नाहीत. फक्त नोंदवही कोरी होते आणि सर्व कपाटे रिकामी समजली जातात. म्हणूनच चुकून फॉरमॅट झालेल्या तबकडीच्या डिस्कवर नवीन काही लिहिले नसेल, तर जुने बरेच परत मिळू शकते. चूक लक्षात येताच संगणक बंद करावा, हा नियम त्यातून निघतो. एसएसडीवर मात्र ही आशा फारच थोडी. तेथे प्रणाली स्वतःच डिस्कला कळवते की अमुक कप्पे आता नको आहेत, आणि डिस्क ते आतून पुसून टाकते.

विभाग कशासाठी : जुनी कारणे आणि उरलेले कारण

माझ्या पिढीतील संगणकवाले विभाग पाडण्याची अनेक कारणे सांगत. त्यांतील बहुतेक कारणे आता मेली आहेत; ती कोणती हे सांगितले नाही तर लोक अजूनही त्यांच्यामागे धावतात.

पहिले कारण सक्तीचे होते. ऐंशीच्या दशकात बराच काळ डॉसला ३२ मेगाबाइटांहून मोठा विभाग हाताळताच येत नसे. पुढे मर्यादा २ गिगाबाइट झाली. डिस्क मोठी असेल तर तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसरे कारण काटकसरीचे होते. त्या काळच्या फाइलव्यवस्थेत २ गिगाबाइटांच्या विभागात जागा ३२ किलोबाइटांच्या घासांनी वाटली जाई. एक किलोबाइटाचे पत्रही ३२ किलोबाइट अडवून बसे. विभाग लहान ठेवला तर घास लहान होत. १९९६ साली एफएटी ३२ ही व्यवस्था आली तेव्हा हा जाच कमी झाला, आणि आजच्या एनटीएफएस व्यवस्थेत घास सामान्यतः ४ किलोबाइटांचा असतो.

तिसरे कारण वेगाचे. फिरत्या तबकडीची बाहेरची वर्तुळे लांब असल्याने एका फेरीत तेथून अधिक माहिती वाचली जाते. डिस्कचा आरंभ तेथेच असतो, म्हणून प्रणाली पहिल्या विभागात ठेवणे फायद्याचे असे. एसएसडीत वर्तुळ नाही, शीर्ष नाही, म्हणून हे कारणही नाही. इतकेच नव्हे, तर एसएसडी आपल्या कोशांची झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून माहिती आतल्या आत हलवत असते. आपण आखलेली भिंत तिच्या दृष्टीने केवळ हिशेबातली आहे.

मग उरले काय? उरले ते माझ्या चुकीतले कारण. संगणकावरील वस्तू दोन जातींच्या असतात. एक जात परत मिळणाऱ्यांची : विंडोज, लेखनाचे व हिशेबाचे आज्ञाक्रम, छपाईयंत्राचे साहाय्यक. ही बिघडणारीही हीच जात आहे. दुसरी जात परत न मिळणाऱ्यांची : विद्यार्थ्यांच्या नोंदी, शाळेच्या वार्षिकांकाचा मजकूर, छायाचित्रे, माणसांचे आवाज. पहिली जात केव्हातरी पुसून नव्याने बसवावी लागणार, हे गृहीतच धरले पाहिजे. ते करताना दुसऱ्या जातीला धक्का लागू नये, यासाठी मधे रेघ. लिनक्स व तत्सम प्रणालींमध्ये वापरणाऱ्याचे सामान ‘होम’ नावाच्या स्वतंत्र विभागात ठेवण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागेही हाच विचार आहे.

हा विषय या दिवसांत विशेष निकडीचा आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे अनेक शाळा, वाचनालये आणि घरे यांत नवे संगणक येत आहेत किंवा जुन्यांत नव्या डिस्क बसत आहेत. हा क्षण गेला की डिस्क भरते, आणि भरलेल्या डिस्कवर रेघ आखणे कोऱ्या डिस्कपेक्षा पुष्कळ जोखमीचे असते.

किती विभाग, केवढे

माझे मत स्पष्ट आहे : घर किंवा शाळा यांना दोन विभाग पुरतात. एक प्रणालीचा, एक संग्रहाचा. एकेकाळी लोक सहा-सहा विभाग पाडून गाणी एकात, चित्रे दुसऱ्यात, खेळ तिसऱ्यात अशी वाटणी करीत. मग एक खोली तुडुंब आणि दुसरी रिकामी, अशी अवस्था होई. गाणी आणि चित्रे वेगळी ठेवण्यास फोल्डर समर्थ आहेत. भिंत तेथेच घालावी जेथे एक बाजू पुसून दुसरी राखावयाची आहे.

उदाहरणादाखल १ टेराबाइटाची डिस्क घेऊ. प्रणालीला २५० गिगाबाइट द्यावेत. विंडोज ११ ची अधिकृत किमान गरज ६४ गिगाबाइटांची असली, तरी आज्ञाक्रम आणि वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा यांची भर पडत जाते. तंग जागा पुढे सतावते. उरलेले सुमारे ६८० गिगाबाइट संग्रहाला जातात. डिस्क २५६ गिगाबाइटांचीच असेल तर तिचे तुकडे करू नयेत. ती सारी प्रणालीला द्यावी आणि संग्रह दुसऱ्या डिस्कवर ठेवावा. दुसरी डिस्क ही कोणत्याही भिंतीपेक्षा चांगली भिंत आहे.

कृतीचा क्रम असा. संगणकात जुनी डिस्कही असेल तर नवीवर प्रणाली बसवताना जुनीची तार काढून ठेवावी. बसवण्याच्या पडद्यावर डिस्कांना नावे नसतात, केवळ क्रमांक आणि आकार असतात, आणि घाईत शून्य व एक यांची अदलाबदल होते. मग कोऱ्या जागेवर नवा विभाग करण्याचा पर्याय निवडून आकार लिहावा. तो मेगाबाइटांत लिहावयाचा असतो. २५० ला १०२४ ने गुणून २५६००० हा आकडा येतो. विंडोज आपणहून आणखी एक-दोन छोटे विभाग करील. एकात संगणक सुरू करण्याच्या सूचना असतात, एक प्रणालीच्या राखीव कामासाठी असतो, आणि बिघाडाच्या वेळी उपयोगी पडणारा असाही एक पुढे तयार होतो. हे निरुपयोगी समजून पुसू नयेत. उरलेली जागा तशीच सोडावी. प्रणाली सुरू झाल्यावर ‘डिस्क मॅनेजमेंट’ या पडद्यावर जाऊन त्या जागेचा दुसरा विभाग करावा आणि एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावा.

विकत आणलेल्या संगणकात प्रणाली आधीच बसवलेली असते आणि बहुधा सारी जागा ‘सी’लाच दिलेली असते. तेथे त्याच पडद्यावर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ ही आज्ञा आहे. ती विभागाच्या शेवटाकडून जागा मोकळी करते. काही फाइली हलवता येत नसल्याने मनाजोगती जागा सुटेलच असे नाही. उलट दिशेचा, म्हणजे विभाग वाढवण्याचा, नियम अधिक कडक आहे : लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच तो वाढतो. मधे लहानसा राखीव विभाग असला तरी वाट अडते. म्हणून आकार प्रथमच विचारपूर्वक ठरवावा.

आणखी एक सावधगिरी. नव्या संगणकांवर अनेकदा डिस्कची गुप्तलिपी आपोआप सुरू असते. विभागांत फेरफार करण्यापूर्वी तिची ४८ आकडी कळ शोधून कागदावर लिहून ठेवावी. ती कळ संगणकाने मागितली आणि आपल्याजवळ नसली, तर आपल्याच घराबाहेर आपण उभे राहतो.

विभाग झाले की त्यांना नावे द्यावीत. अक्षरांवर विसंबू नये, कारण ‘डी’ आणि ‘ई’ ही अक्षरे डिस्क जोडताना-काढताना बदलू शकतात. ‘प्रणाली’ आणि ‘संग्रह’ अशी नावे देवनागरीतही देता येतात. शेवटी, आणि हे सर्वांत विसरले जाणारे काम आहे, ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ आणि ‘डेस्कटॉप’ या फोल्डरांचा पत्ता संग्रह विभागात हलवावा. फोल्डरच्या गुणधर्मांत ‘लोकेशन’ या पानावर ती सोय आहे. हे केले नाही तर विभाग पाडूनही आपले सारे लेखन प्रणालीच्याच खोलीत साठत राहते आणि रेघ नावापुरती उरते.

संग्रहाची आतली मांडणी

बडोदेकरांना मांडणीचे महत्त्व परगावच्या माणसाने सांगावे असे नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे बोलावून राज्याच्या ग्रंथालयव्यवस्थेची उभारणी त्यांच्यावर सोपवली. मध्यवर्ती ग्रंथालयातील पुस्तके विषयवार लागली आणि लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेडोपाडी जाऊ लागली. संदर्भासाठी राखलेले ग्रंथ आणि देवघेवीचे ग्रंथ वेगळे का असतात, हे ग्रंथालयाच्या कोणत्याही सभासदाला ठाऊक आहे. संग्रह विभागातही हाच भेद करावा. एक फोल्डर चालू कामाचा आणि एक पूर्ण झालेल्या कामाचा. पूर्ण झालेल्यात फेरफार करावयाचा नाही, भर मात्र घालावयाची.

शाळेसाठी ‘प्रशासन’, ‘परीक्षा’, ‘वार्षिकांक’, ‘छायाचित्रे’, ‘ध्वनिमुद्रणे’ असे पाच-सहा मुख्य फोल्डर पुरतात. त्यांच्या पोटात वर्षे असावीत. तीनचार पायऱ्यांहून खोल जाऊ नये. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा : ‘२०२५-०८-१५-ध्वजवंदन-०१’. दिवस आधी लिहिला तर सर्व महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र गोळा होतात. वर्ष आधी लिहिले की यादी आपोआप कालक्रमाने लागते. अंक देवनागरी वापरावेत की इंग्रजी, हे एकदाच ठरवावे. दोन्ही मिसळले की क्रम मोडतो.

देवनागरी नावांबाबत एक बारकावा सांगण्याजोगा आहे. विंडोजमध्ये फाइलीचा संपूर्ण पत्ता परंपरेने २६० चिन्हांत बसवावा लागतो. पुष्कळ आज्ञाक्रम आजही ही मर्यादा पाळतात. आपल्या डोळ्यांना ‘विद्यार्थी’ या शब्दात तीन अक्षरे दिसतात. संगणक मात्र प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्तचिन्ह वेगळे मोजतो. त्याच्या लेखी हा शब्द दहा चिन्हांचा आहे. फोल्डरांची नावे लांबलचक ठेवली की एक दिवस फाइल दुसरीकडे हलवताना संगणक नकार देतो. नावे देवनागरीत खुशाल द्यावीत, पण आटोपशीर द्यावीत.

मराठी संस्थांपुढे आणखी एक प्रश्न आहे. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी वार्षिकांक, स्मरणिका, पत्रिका यांचा मजकूर श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या साधनांनी टंकित होत असे. अशा फाइलींत अक्षरांच्या जागी त्या त्या टंकाचे संकेत असतात. टंक नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या तर चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. जुना संगणक निकालात काढण्यापूर्वी त्यावरच अशा फाइली उघडाव्यात, प्रत्येकीची पीडीएफ प्रत काढावी, शक्य तेथे मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करावा आणि मूळ फाइल, पीडीएफ व परिवर्तित मजकूर एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. नुसती फाइल नव्या डिस्कवर आणली आणि ती वाचण्याचे साधन जुन्याबरोबर भंगारात गेले, तर फाइल राहूनही मजकूर गेलाच म्हणायचा.

भिंत म्हणजे प्रत नव्हे

एवढे सर्व केल्यावर मनाला एक खोटा निर्धास्तपणा येतो. त्याविषयी सावध केले नाही तर हे व्याख्यान उपकारक होण्याऐवजी घातकच ठरेल. विभागणी एकाच संकटापासून वाचवते : प्रणाली पुसून पुन्हा बसवण्याच्या. माझ्यावर तेच संकट आले होते, म्हणून विभागणी असती तर सरांचा आवाज राहिला असता. पण डिस्कच निकामी झाली तर दोन्ही विभाग एकत्र जातात. चोरी झाली तर एकत्र जातात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञाक्रमाने जगभर धुमाकूळ घातला. असे आज्ञाक्रम दिसेल त्या प्रत्येक अक्षराच्या विभागात शिरून फाइली कुलूपबंद करतात. त्यांना ‘सी’ आणि ‘डी’ सारखेच. एकाच घराच्या दोन खोल्या आगीपासून एकमेकींना वाचवू शकत नाहीत.

यावर उपाय एकच, तो म्हणजे प्रती. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला तीन-दोन-एक हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. एकूण तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत. शाळेसाठी याचा अर्थ असा : एक प्रत संगणकाच्या संग्रह विभागात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, आणि तिसरी विश्वस्तांपैकी कोणाच्या घरी किंवा आंतरजालावरील साठवणीत. बाहेरची डिस्क प्रत काढून होताच अलग करून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क ही संकटाच्या दृष्टीने आतलीच डिस्क होय. वर्षानुवर्षे कपाटात ठेवावयाच्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा तबकडीची डिस्क बरी, कारण वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिलेल्या एसएसडीतील माहिती हळूहळू क्षीण होऊ शकते. आणि तीन महिन्यांतून एकदा प्रतीतील चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत म्हणजे न पाहिलेली ठेवपावती.

विभागणीचे महत्त्व येथे पुन्हा दिसते. सर्व सामान एकाच ढिगात असेल तर कशाची प्रत काढावी हेच ठरत नाही, आणि जे ठरत नाही ते लांबणीवर पडते. न परत मिळणारे सारे एका ठिकाणी असेल, तर ‘संग्रह’ हा एकच शब्द उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवावयाचा असतो. कार्यालयातील कोणीही कारकून किंवा नववीतील विद्यार्थीही ते काम करू शकतो. रेघेने प्रत होत नाही. रेघेमुळे प्रत काढणे सोपे होते.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. संगणक सुरू होत नाही म्हणजे डिस्क मेली असे नव्हे. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर बहुतेक वेळा फाइली जशाच्या तशा दिसतात. दुरुस्तीस देताना “फॉरमॅट करू का?” असा प्रश्न आला, तर “आधी डिस्क दुसरीकडे जोडून संग्रह उतरवून घ्या” हेच उत्तर द्यावे. हे एक वाक्य मला २०१६ साली ठाऊक असते तर आज मी येथे दुसऱ्या विषयावर बोललो असतो.

समारोप

नव्या डिस्कपुढे बसताना माणसाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उद्या हे सारे पुसले गेले, तर यातले काय पैशाने परत मिळेल आणि काय मिळणार नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच विभागणी. मेगाबाइटांचा हिशेब त्यानंतरचा आहे आणि तो कोणासही अर्ध्या तासात शिकता येतो.

या शाळेने अलीकडे जुन्या वार्षिकांकांचे व छायाचित्रांचे अंकन हाती घेतले आहे, हे ऐकून आनंद झाला. माझी एकच विनंती आहे. ज्या संगणकावर ते काम चालते, त्याच्या डिस्कचे विभाग या आठवड्यातच पाहून घ्यावेत. सरांच्या आठ बैठकांपैकी एकही मजजवळ उरलेली नाही. त्यांचे एखादे भाषण, एखाद्या स्नेहसंमेलनातील दोन वाक्ये, कोणा माजी विद्यार्थ्याच्या जुन्या ध्वनिफितीवर कदाचित असतील. ती सापडली तर शाळेकडे आणून द्यावीत. त्यांच्यासाठी समास आखून जागा तयार ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन.